मुसाफिरखान्याचा गिलावा

काका, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या पुस्तिकेत छापायला दोन पानं द्या म्हणून तुमच्या ऑफिसातून फोन आला होता. दिली लिहून. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, मितभाषी, सगळं घातलंय त्यात. मितभाषी म्हणे! स्लॅब भरायच्या दिवशी तुमच्या शिव्या लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या सगळ्या रस्त्यांवर ऐकू जायच्या, ते काय मला ठाऊक नाही? पण गेलेल्या माणसाबद्दल असंच लिहायचं असतं. हे दुसरं लिहायला बसलेय ते छापायला नाही. वहीत राहील, आणि वही माझ्या कपाटात राहील. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. मधे मुसाफिरखान्याची सुनावणी झाली आणि तिथं मी तुमचं नाव घेतलं. ते कसं घेतलं, हे तुमच्याशी बोलल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

मला पहिली नोकरी तुम्ही दिलीत. डिप्लोमा करून बसले होते, आणि लातुरातला प्रत्येक इंजिनिअर म्हणायचा, ऑफिसात बस, नकाशे काढ, बाईमाणूस साइटवर कशाला. तुम्ही एवढंच विचारलंत, "परांचीवर चढता येतं का?" मी म्हणाले, गावाकडं चिंचेवर चढत होते. "मग ये उद्या. साडी नको नेसून येऊ." पहिल्याच दिवशी मी टेप काढला तर तुम्ही तो हातातून काढून घेतलात. भिंतीला आधी हात लाव, बोटानं वाजव, काय म्हणते ते ऐक, टेप सगळ्यात शेवटी. गिलावा सुटलेला असेल तर बद्द वाजतो, धरलेला असेल तर टणक. मी अजून तसंच करते. लोकांच्या घरी जेवायला गेले तरी भिंत वाजवते, नवरा लाजतो.

आपलं भांडण पहिल्यापासून एकाच गोष्टीवरून होतं. तुम्हाला कॉलम दिसला की बरं वाटायचं आणि दगड दिसला की तुमच्या कपाळावर आठी यायची. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. नंतर सगळं लातूरच तसं झालं होतं, ते मला आठवतं. चांगली घरं सोडून लोक वर्ष-वर्ष अंगणात पत्र्याच्या शेडमधे झोपायचे. सोयरीक जुळवताना विचारायचे, घर दगडाचं का कॉलमचं? तुमच्या हाताखाली किती दगडी घरं पडली आणि किती कॉलम उभे राहिले त्याची मोजदाद नाही. मी म्हणायची, काका, दगड नाही माणसं मारत. तुम्ही म्हणायचे, "तू पुस्तकातलं बोलायलीस." आणि विषय तिथंच तोडायचे. तुमची धाकटी बहीण शालू निलंग्याकडच्या तुमच्या गावी भिंतीखाली गेली, हे मला कुणीतरी बाहेरच्यानं सांगितलं होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही. माहीत असून वाद घालत राहिले, हे माझं चुकलंच.

मग यंदा जानेवारीत मुसाफिरखान्याला महापालिकेची पाडायची नोटीस लागली.

गोलाईच्या मागच्या गल्लीतली ती निजामाच्या वेळची इमारत. दोन मजले, काळा घडीव दगड, पुढं सात कमानी. एके काळी उदगीर-देगलूरकडून बैलगाड्या घेऊन आलेले व्यापारी तिथं उतरायचे. आता खाली दुकानं आहेत. बांगड्यांचं, दोरखंडाचं, चाळण्या-सुपांचं, एक शिंपी, एक चहाचा टपरीवाला. आजूबाजूला सगळीकडं काचेच्या इमारती झाल्यात, त्यांच्यात ती अवघडून उभी असते. ज्या पंचमंडळाच्या ताब्यात ती आहे, त्यांना तिथं पाच मजली कॉम्प्लेक्स पाहिजे. त्यांच्या इंजिनिअरनं भिंतीवरच्या तड्यांचे फोटो काढले आणि अहवाल दिला, इमारत धोकादायक, तात्काळ पाडावी. दुकानदार माझ्याकडं आले. दोरवाल्या गफूरभाईंनी विचारलं, "मॅडम, हे खरंच पडायलंय का पाडायलेत?"

मी नांदेडहून खाजामिस्त्रीला बोलावलं. चुन्याचं काम येणारा तेवढाच एक माणूस मला माहीत. दोरखंडाच्या दुकानाच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आम्ही हातभर गिलावा उतरवला. सिमेंटचा गिलावा, चांगला दोन बोटं जाड. तडा त्या गिलाव्याला होता. आतला दगड जसाच्या तसा. दगडांमधल्या फटींतला, दरजांमधला चुना मात्र ओला झाला होता, नखानं निघत होता. खाजामिस्त्रीनं दगडावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "बाई, ह्याला काय बी झालं न्हाई. ह्याला रेनकोट घालून उन्हात उभं केलंय कुणीतरी. आतल्या आत घामानं भिजून राहिला हा." मी विचारलं, कुणी केलं असेल? तो हसला. पुढच्या कमानीवर संगमरवराची पाटी आहे की! भूकंपानंतर इमारतीचे मजबुतीकरण, आणि खाली तुमचं नाव.

मी मागचा-पुढचा विचार न करता तशीच तुमच्या घरी आले. सुमनकाकू चहा ठेवायला आत गेल्या आणि मी उभ्या-उभ्याच बोलले. "काका, मुसाफिरखाना तुम्ही मारला. वरती चुन्याच्या गच्चीवर स्लॅबचं ओझं टाकलंत, खाली भिंतीचा श्वास कोंडलात." तुम्ही म्हणालात, "दगड माणसं मारतो, मंगल." मी म्हणाले, गावाकडच्या भिंती मातीत रचलेल्या होत्या, गोटे होते ते, ह्या चुन्यात बसवलेल्या घडीव भिंती आहेत, एवढा फरक तुम्हाला कळू नये? तुमच्यासमोर, तुमच्याच घरात. तुम्ही उठून आत गेलात. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, त्यांना काही कळलं नाही. मी तो चहा प्यायले आणि निघाले. इतकी वर्षं झाली, तुम्ही मला जिन्यापर्यंत सोडायला आला नाहीत असं पहिल्यांदाच झालं.

चार महिने आपण बोललो नाही. मी रोज म्हणायची, आज जाईन. पण मी बरोबर होते ना! बरोबर असलेल्या माणसाचा पाय लवकर उचलत नाही. तुम्ही रस्त्यात दिसलात एकदा, नव्या पुलाजवळ, स्कूटर ढकलत. थांबायला पाहिजे होतं. मी हॉर्न वाजवून पुढं निघून गेले. आता ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

आणि मग तुम्हीच फोन केलात. "मुसाफिरखान्यावर ये. चहा पाजतो." दुपारची वेळ होती, टपरीवाल्याकडं गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही मागच्या बाजूला जाऊन आम्ही उघडलेली जागा बघून आला होतात, हाताला चुना लागलेला होता. नुसता चहा हलवत बसलात. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणालात, "थांब. मला बोलू दे, परत जमायचं न्हाई."

तुमचे शब्द मी जसेच्या तसे लिहून ठेवते आहे. "शालूची माती करून आलो, अन् पंधरा दिवसांत मला ह्या बिल्डिंगीची तपासणी करायला बोलावलं. म्हणलं, आता बघतोच ह्या दगडाला. शिडी लावून चारी भिंती बघितल्या. एक तडा न्हाई, मंगल. केसाएवढा न्हाई. एकोणीस वर्षांची पोर माझी दगडाखाली गेली, अन् हा जसाच्या तसा उभा. मला ते बघवंना. म्हणून झाकून टाकला. लोकायला वाटलं, मजबूत केला. शाल-नारळ दिलं, पाटी लावली. मी काय सांगणार?"

 मी म्हणाले, काकूंना माहीत आहे? तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंत. "सुमनला कधीच सांगू नको. शालूला मी शिकायला लातूरला आणणार होतो. सुमन बाळंतीण होती, घर एवढंसं. ती म्हणाली, सव्वा महिना होऊ द्या, मग आणा. बरोबरच बोलली की ती, तिचं काय चुकलं? पण त्या सव्वा महिन्यातच भूकंप झाला. शालूचं नाव निघालं की अजून ती दोन-दोन दिवस जेवत न्हाई. म्हणून घरात मी नावच काढत न्हाई. अन् हे गिलाव्याचं कळलं तर तिला वाटंल, एवढी वर्षं मी मनात धरून बसलो होतो." मी म्हणाले, नाही सांगणार. तुम्ही माझ्या डोक्यावर चुन्याचा हात ठेवलात, केस पांढरे झाले म्हणून टपरीवाला हसला. तुम्हीही हसलात.

मी खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण मी पडले लोचट. म्हणाले, काका, सुनावणीला येता का? एवढंच सांगा, की गिलावा करायच्या आधी भिंतीला तडा नव्हता. कारण पंचमंडळाचा इंजिनिअर म्हणतोय, भूकंपात तडे गेले म्हणूनच गिलावा केला, नाहीतर कशाला केला असता? तुमचीच पाटी तो पुरावा म्हणून दाखवतोय. तो दगड त्या दिवशी बघितलेला माणूस तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही उठलात, पॅन्टीवरची धूळ झटकलीत आणि म्हणालात, "बघू." तुमचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे. निम्म्या वेळा त्याचा अर्थ हो असायचा, निम्म्या वेळा नाही. तुम्ही येणार होतात का, काका? एवढं तरी सांगून जायचं होतं.

सुनावणीच्या नऊ दिवस आधी तुम्ही गेलात. काकू सांगतात, सकाळी पेपर मागितलात आणि त्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती. मी आले तेव्हा तुम्हाला खाली अंगणात ठेवलं होतं. सगळे त्रिशरण म्हणत होते आणि माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? आता तो दगड बघितलेलं कुणी उरलं नाही. लाज वाटली मला स्वतःची. पण आलं मनात, ते आलं.

सुनावणीच्या दिवशी मी महापालिकेच्या हॉलमधे शिरले तर दुसऱ्या रांगेत काकू बसलेल्या. पांढरी साडी, मांडीवर कापडी पिशवी.  म्हणाले, काकू, तुम्ही कशाला आलात ह्या दिवसांत? त्यांनी पिशवीतून फ्रेम काढून दाखवली. तुमचा शाल-नारळाचा फोटो, मागं मुसाफिरखान्याच्या कमानी. "गफूरभाई म्हणले, इमारत पाडायलेत. मी म्हणलं, असं कसं पाडतील? ह्यांनी स्वतः उभं राहून मजबूत केलीय. साहेबाला दाखवते ना मी फोटो. तेवढाच तुला आधार." काका, तो फोटो साहेबांच्या टेबलावर गेला असता तर पंचमंडळाच्या इंजिनिअरला आयतंच मिळालं असतं. बघा, मजबूत करायची वेळ आली होती म्हणजे तडे होतेच. मी म्हणाले, राहू द्या काकू, आधी माझं बोलून होऊ दे.

तो इंजिनिअर बोलला, पाटी दाखवली, फोटो दाखवले. मग माझा नंबर आला. मी उघडलेल्या जागेबद्दल सांगितलं. साहेब म्हणाले, हातभर जागेवरून सगळी इमारत कशी ठरवायची? मग मी ते बोलले. "साहेब, भूकंपानंतर भिंतीला एकही तडा नव्हता. ज्यांनी गिलावा केला, त्यांनी मला स्वतः सांगितलंय. धडधाकट भिंत झाकली गेली. आत्ता दिसतायत ते तडे गिलाव्याचे आहेत, दगडाचे नाहीत. गिलावा काढून बघा."

साहेब माणूस सरळ होता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "एवढे अनुभवी इंजिनिअर. तडा नव्हता, तर गिलावा केला कशासाठी?"

मी म्हणायला सुरुवात केली, "त्या दिवसांत सगळेच घाबरलेले होते, साहेब. आणि त्यांच्या तर घरातच..." आणि माझी नजर काकूंवर गेली. पदराचं टोक त्यांच्या तोंडाशी गेलं होतं. अजून मी काही बोललेही नव्हते, तरी गेलं होतं. पुढचं वाक्य काय येणार हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मी तिथंच गिळलं. आणि दुसरं बोलले. "चूक झाली त्यांच्याकडून. जुन्या बांधकामाचा अभ्यास कमी पडला. तेव्हा सिमेंटचं वेड होतं सगळ्यांना, तेही त्यात वाहवले."

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, लिहा, सदर काम तांत्रिकदृष्ट्या चुकीचे होते. मागं दुकानदारांत कुजबुज झाली. तुम्ही कुणाच्या घराचे, कुणाच्या दुकानाचे नकाशे फुकट काढून दिलेत, तीच माणसं ती. काकूंनी फोटो पिशवीत घातला, उठल्या आणि निघून गेल्या. मला बाकीचं काही ऐकू आलं नाही. पुढच्या भिंतीचा गिलावा पंचनामा करून उतरवायचा हुकूम झाला, तेवढं कळलं.

दोन दिवस लागले उतरवायला. खाजामिस्त्रीनं छिन्नी सरळ कधी धरली नाही, तिरपी धरूनच काम केलं, दगडाला ओरखडा नको म्हणून. सातही कमानी उघड्या झाल्या. काळा दगड, मधे चुन्याच्या पांढऱ्या दरजा. साहेब स्वतः आले, शिडी लावून चढले, खाली उतरून म्हणाले, कुठं आहे तडा? केसाएवढा नव्हता, काका. तुम्ही सांगितलं होतंत तसाच. पाडायची नोटीस रद्द झाली. वरचा स्लॅब काढायचा, दरजा चुन्यानं भरायच्या, दुकानं आहेत तिथंच राहायची. गफूरभाईंनी बर्फी वाटली. सगळे मला शाबासकी देत होते आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं, कारण तुमच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नव्हतं. तुम्ही सांगितलं म्हणून ती भिंत उघडली गेली, नाहीतर आज तिथं डोझर असता.

संगमरवराची पाटी गिलाव्याबरोबरच खाली आली होती. खाजामिस्त्रीनं ती पोत्यात गुंडाळून ठेवली होती. मला काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, मी ती उचलून तुमच्या घरी नेली. वाटलं, काकूंना हवी असेल. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवता-चढवता घामाघूम झाले.

काकूंनी दार उघडलं, पाटीकडं बघितलं, आत ये म्हणाल्या नाहीत. "हे घेऊन आलीस होय? आता काय करू ह्याचं? ह्याच्यावर चुकीचं काम म्हणून कोरून घेऊ?"

मी म्हणाले, काकू, इमारत वाचली.

"वाचू दे की. मी पण त्याच्याचसाठी आले होते. पण सगळ्या बाजारासमोर माझ्या माणसाला अडाणी ठरवलंस, मंगल. ते तुला लेक म्हणायचे." मग त्या एक पाऊल पुढं आल्या. "का बोललीस तसं? तिथं काहीतरी दुसरं बोलायलीस असं वाटलं मला. घरातच, म्हणलीस. काय होतं ते?"

काका, खरं सांगून टाकलं असतं तर त्यांनी मला पोटाशी धरलं असतं, हे मला दिसत होतं. तुमची अब्रूही परत मिळाली असती. आणि मग मी निघून गेल्यावर त्या एकट्या बसून तो सव्वा महिना मोजत राहिल्या असत्या, ह्यावेळी तुम्हीही घरात नसताना.

मी म्हणाले, "काही नव्हतं काकू. बोलण्यात गडबडले मी."

त्यांनी दार लावून घेतलं. मी जिना उतरून खाली आले, तर वर दार परत उघडलं आणि पाटी फरशीवरून ओढत आत नेल्याचा आवाज आला. त्यानंतर मी तीन फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. पुण्यानुमोदनाला मी येणार आहे, मागच्या रांगेत बसेन. त्या माझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित कधीच नाहीत. राहू द्या, काका. त्यांचा राग माझ्यावर आहे तोपर्यंत स्वतःवर तरी जात नाही.